दुर्गम भागातील महाविद्यालयीन संगणक-जाळ्यासाठी सर्व्हर कार्यप्रणालीची उभारणी आणि व्यवस्थापन : भामरागड परिसराच्या विशेष संदर्भात

सारांश :

कार्यालयीन संगणक-जाळ्याच्या केंद्रस्थानी सर्व्हर असतो आणि त्या सर्व्हरचे कामकाज त्याच्या कार्यप्रणालीवर अवलंबून असते. या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन अखंड वीज, अखंड इंटरनेट आणि हाकेच्या अंतरावरील तंत्रज्ञ या तीन गोष्टी गृहीत धरून लिहिलेले असते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडसारख्या वनप्रदेशात या तिन्ही गृहीतकांचा पुनर्विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात सर्व्हर कार्यप्रणालीची संकल्पना, निवड, उभारणी, वापरकर्त्यांचे अधिकार, अद्यतने, बॅकअप आणि मराठी मजकुराची हाताळणी यांचे विवेचन या परिसरातील परिस्थितीच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : सर्व्हर, कार्यप्रणाली, संगणक-जाळे, बॅकअप, युनिकोड, दुर्गम भाग.

१. प्रस्तावना

भामरागड हे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठिकाण पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. दि. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या परिसरात प्रामुख्याने माडिया गोंड समाजाची वस्ती आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींचा समावेश विशेषतः असुरक्षित आदिम जमातींमध्ये होतो. येथील अनेक विद्यार्थी त्यांच्या घराण्यातील महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच पिढी आहेत. त्यांच्या प्रवेशाची नोंद, जातीच्या दाखल्याची प्रत, परीक्षेचे गुण, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि महाविद्यालय सोडल्याचा दाखला यांपैकी एखादा कागद हरवल्यास तो पुन्हा मिळविण्यासाठी आलापल्ली, अहेरी किंवा गडचिरोली येथे खेपा घालाव्या लागतात. त्यात रोजगार बुडतो आणि कित्येकदा शैक्षणिक वर्षही वाया जाते. म्हणून या ठिकाणी महाविद्यालयाच्या माहितीची सुरक्षितता हा विषय विद्यार्थ्याच्या हक्काशी थेट जोडलेला आहे.

गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २०११ साली झाली. त्यापूर्वी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे जुन्या महाविद्यालयांकडे दोन विद्यापीठांच्या काळातील अभिलेख आहेत. त्यातच महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्ती, अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, नॅकचे मूल्यांकन आणि ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स यांसाठी एकच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत पुन:पुन्हा द्यावी लागते. ही माहिती लिपिकाच्या, ग्रंथपालाच्या आणि विभागप्रमुखाच्या स्वतंत्र संगणकांवर विखुरलेली असेल, तर तिच्यात एकवाक्यता राहत नाही. सर्व्हरची आवश्यकता येथून सुरू होते.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) सर्व्हर कार्यप्रणालीची संकल्पना संगणकशास्त्रेतर प्राध्यापकांना समजेल अशा रीतीने मांडणे.
२) कार्यप्रणालीची निवड करताना विचारात घ्यावयाचे निकष स्पष्ट करणे.
३) अनियमित वीज, मंद जोडणी आणि पूर या परिस्थितीत सर्व्हरची उभारणी व दैनंदिन व्यवस्थापन कसे करावे याचे विवेचन करणे.

दहा ते चाळीस संगणक असलेले महाविद्यालय येथे विचारात घेतले आहे. तथापि हेच विवेचन पतसंस्था, तेंदूपत्ता व बांबू यांचा व्यवहार स्वतः पाहणाऱ्या ग्रामसभा, रुग्णालये व आश्रमशाळा यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

३. सर्व्हर कार्यप्रणाली : संकल्पना

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री आणि त्यावरील आज्ञावली यांच्यात समन्वय साधणारी मूलभूत आज्ञावली होय. व्यक्तिगत संगणकावरील कार्यप्रणाली समोर बसलेल्या एका व्यक्तीची सोय पाहते. सर्व्हर कार्यप्रणाली मात्र जाळ्यातून एकाच वेळी येणाऱ्या अनेकांच्या मागण्या पूर्ण करते. त्या मागणी करणाऱ्यांची ओळख पटविणे, त्यांना नेमून दिलेल्या मर्यादेतच प्रवेश देणे, घडलेल्या प्रत्येक घटनेची नोंद ठेवणे आणि हे सर्व महिनोन्महिने विनाखंड करणे ही तिची कामे आहेत.

सर्व्हरविना संगणक जोडण्याच्या पद्धतीला समपातळीवरील जाळे म्हणतात. यात प्रत्येक संगणक आपापल्या फायली इतरांना उपलब्ध करून देतो. पाच-सहा संगणकांपर्यंत ही पद्धत पुरेशी ठरते. त्यानंतर तिच्या मर्यादा जाणवू लागतात. विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये एका संगणकाशी एका वेळी १० बाह्य जोडण्यांचीच परवानगी होती, तर विंडोज ७ व नंतरच्या आवृत्त्यांत ती २० करण्यात आली. यापेक्षा महत्त्वाची अडचण अधिकारांची आहे. पंधरा संगणक आणि पंधरा कर्मचारी असतील, तर प्रत्येक संगणकावर प्रत्येकाचे खाते स्वतंत्रपणे ठेवावे लागते. या खटाटोपाला कंटाळून बहुतेक ठिकाणी एकच संकेतशब्द सर्वांना माहीत असतो. अशा वेळी गुणपत्रकात बदल कोणी केला, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. सर्व्हरवर एकदा खाते उघडले की ते जाळ्यातील सर्व संगणकांवर चालते आणि कर्मचाऱ्याची बदली झाल्यास एकाच ठिकाणी ते बंद करता येते.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे घेतला जातो. सर्व काही मेघसेवेवर, म्हणजे क्लाउडवर ठेवता येत असताना स्वतःचा सर्व्हर कशासाठी? हा आक्षेप अंशतः योग्य आहे. महाविद्यालयाचे संकेतस्थळ आणि ई-मेल या सेवा बाहेरच ठेवणे हिताचे आहे, कारण त्या अहोरात्र बाह्य जगाला उपलब्ध असाव्या लागतात. परंतु दैनंदिन प्रवेश, ग्रंथालयाची देवघेव आणि कार्यालयीन अभिलेख यांसाठी इंटरनेटवर पूर्णतः विसंबणे या भागात धोक्याचे ठरते. जोडणी तुटली तरी इमारतीतील जाळे सुरू राहते, आणि प्रवेशाच्या काळात याच गोष्टीला महत्त्व असते. शिवाय बाह्य सेवेच्या अटी बदलू शकतात. गूगलने शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवणीची सवलत २०२२ मध्ये संपुष्टात आणून प्रत्येक संस्थेसाठी एकत्रित मर्यादा ठरविली. म्हणून ‘काम स्थानिक, प्रत बाहेर’ हे सूत्र येथे उपयुक्त वाटते.

४. कार्यप्रणालीची निवड

सर्व्हर कार्यप्रणालींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरचा आणि दुसरा लिनक्सवर आधारित प्रणालींचा. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. डेबियन, उबुंटू, रेड हॅट ही त्यावर आधारित प्रचलित वितरणे आहेत. भारतात सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ साली प्रकाशित झाली असून ती डेबियनवर आधारलेली आहे. निवडीसाठी पुढील चार निकष सुचविता येतील.

अ) उपयोजन आज्ञावली : कार्यप्रणाली आधी निवडून त्यावर चालणारी आज्ञावली नंतर शोधणे हा उलटा क्रम होय. इन्फ्लिबनेटची ‘सोल’ ही ग्रंथालय आज्ञावली वापरावयाची असल्यास विंडोजचा विचार करावा लागतो. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेली व २००० सालापासून वापरात असलेली मुक्त आज्ञावली ‘कोहा’ वापरावयाची असल्यास डेबियन किंवा उबुंटू अधिक सोयीचे ठरते. दोन्ही प्रकारच्या आज्ञावली आवश्यक असतील, तर एकाच यंत्रावर आभासी यंत्रांच्या साहाय्याने दोन कार्यप्रणाली चालविता येतात.

आ) खर्च : विंडोज सर्व्हरच्या २०१६ व त्यानंतरच्या आवृत्त्यांचा परवाना प्रक्रियकातील गाभ्यांच्या संख्येवर आकारला जातो आणि प्रत्येक यंत्रासाठी किमान १६ गाभ्यांचा परवाना घ्यावा लागतो. स्टँडर्ड आवृत्तीत प्रत्येक वापरकर्ता किंवा उपकरणासाठी प्रवेश-परवानाही लागतो. अंदाजपत्रकात हा दुसरा खर्च अनेकदा विसरला जातो. लहान संस्थांसाठीच्या इसेन्शियल्स आवृत्तीत २५ वापरकर्ते व ५० उपकरणे यांच्या मर्यादेत स्वतंत्र प्रवेश-परवाने लागत नाहीत. डेबियनला परवाना शुल्क नाही, मात्र ती जाणणाऱ्या माणसाचा वेळ हा तिचा खरा खर्च आहे.

इ) आधाराचा कालावधी : निर्मात्याकडून सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळणे बंद झाले की ती कार्यप्रणाली जाळ्यात ठेवणे असुरक्षित होते. विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी, २००८ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. विंडोज सर्व्हर २०१६ ची अंतिम तारीख १२ जानेवारी २०२७, तर २०२२ ची १४ ऑक्टोबर २०३१ ठरविण्यात आली आहे. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे तीन वर्षे नियमित आणि पुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार मिळतो. मोफत प्रणालीबाबतही गाफील राहून चालत नाही. सेंटओएस ८ ही प्रणाली २०२९ पर्यंत चालेल या अपेक्षेने अनेक संस्थांनी स्वीकारली होती, परंतु डिसेंबर २०२० मध्ये तिचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल असे जाहीर करण्यात आले.

ई) मनुष्यबळ : हा निकष सर्वांत निर्णायक आहे. जी प्रणाली महाविद्यालयातील किमान दोन व्यक्तींना समजते, ती त्या महाविद्यालयासाठी श्रेष्ठ प्रणाली होय. बाहेरच्या तंत्रज्ञाने उभारलेली आणि त्याच्याविना कोणालाही न उलगडणारी व्यवस्था पावसाळ्यात निरुपयोगी ठरते.

५. उभारणी

५.१ जागा, वीज आणि तारा

सर्व्हर ठेवण्याची खोली तळमजल्यावर नसावी. पर्लकोटा नदीवरील ठेंगणा पूल पाण्याखाली जाऊन भामरागडचा संपर्क तुटणे हा या भागाचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तर हा प्रकार अनेकदा घडला आणि पुराचे पाणी गावातही शिरले. पहिला मजला उपलब्ध नसल्यास यंत्र जमिनीपासून उंच, भिंतीला पक्क्या बसविलेल्या कपाटात ठेवावे. उन्हाळ्यातील उष्णता, पावसाळ्यातील दमटपणा, उंदीर आणि वाळवी यांचाही बंदोबस्त करावा लागतो.

तांब्याच्या जाळेतारेची एका टप्प्यातील कमाल लांबी १०० मीटर असते. दोन इमारती जोडताना अंतर कमी असले तरी तांब्याऐवजी प्रकाशतंतूची केबल टाकावी. वीज पडल्यास तांब्याच्या तारेतून येणारा दाब दोन्ही टोकांची उपकरणे निकामी करू शकतो, तर प्रकाशतंतूतून वीज वाहत नाही. अर्थिंगची तपासणी दरवर्षी मे महिन्यात करून घ्यावी.

यूपीएसची निवड करताना केवळ त्यावरील व्हीएचा आकडा पाहू नये. उदाहरणार्थ, सर्व्हर व स्विच मिळून १७० वॅट वीज घेतात असे मानले आणि यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या असतील, तर कागदावरील क्षमता १६८ वॅट-तास होते. यावरून तो सुमारे एक तास चालेल असे वाटते. प्रत्यक्षात जलद उपसा व रूपांतरणातील ऱ्हास यांमुळे निम्म्याहून कमी क्षमता हाती लागते आणि अर्ध्या तासाच्या आत बॅटरी संपते. म्हणून यूपीएसचे काम सर्व्हर चालू ठेवणे हे नसून तो व्यवस्थित बंद होण्यास अवधी देणे हे आहे, असे समजावे. यूपीएस यूएसबी तारेने सर्व्हरला जोडून, बॅटरी ठरावीक पातळीखाली गेल्यास सर्व्हर आपोआप बंद होईल अशी योजना करावी. लिनक्सवर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही मुक्त आज्ञावली हे काम करते. रात्री-अपरात्री वीज गेल्यावर कोणी धावत येईल, या भरवशावर व्यवस्था उभी राहू शकत नाही.

५.२ साठवण-चकत्यांची रचना

सर्व्हरमध्ये किमान दोन समान क्षमतेच्या हार्ड डिस्क बसवून त्यांची ‘रेड-१’ पद्धतीने जोडी करावी. यात प्रत्येक नोंद दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते. एक निकामी झाली तरी काम सुरू राहते. बदली डिस्क नागपूर किंवा चंद्रपूरहून मागवावी लागत असल्याने एक अतिरिक्त डिस्क आधीच कपाटात ठेवणे श्रेयस्कर आहे. मात्र रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे कटाक्षाने लक्षात ठेवावे. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

कार्यप्रणाली, वापरकर्त्यांच्या फायली आणि घटना-नोंदी यांसाठी डिस्कचे स्वतंत्र विभाग करावेत. नोंदींचा विभाग भरून गेला तरी त्यामुळे संपूर्ण सर्व्हर ठप्प होत नाही. कार्यप्रणालीची पुनर्स्थापना करावी लागली, तर फायलींना हात लावावा लागत नाही.

५.३ पत्ते, नावे आणि वेळ

जाळ्यातील प्रत्येक उपकरणास एक आयपी पत्ता असतो. अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारा गट लहान संस्थेस पुरेसा आहे. सर्व्हरचा पत्ता कायमस्वरूपी असावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.५. इतर संगणकांना १९२.१६८.१०.५० ते १९२.१६८.१०.२०० या दरम्यानचे पत्ते डीएचसीपी या सेवेद्वारे आपोआप मिळावेत. छापील यंत्रांचे पत्ते या मर्यादेबाहेर, पण निश्चित ठेवावेत.

नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेस डीएनएस म्हणतात. विंडोजची ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही खातेव्यवस्था संपूर्णतः डीएनएसवर अवलंबून असते. संगणकांच्या मांडणीत डीएनएस म्हणून इंटरनेट पुरवठादाराचा पत्ता दिला, तर इंटरनेट व्यवस्थित चालते, पण सर्व्हरवर प्रवेश मिळण्यास विलंब लागतो किंवा तो मिळतच नाही. म्हणून सर्व संगणकांना सर्व्हरचाच पत्ता डीएनएस म्हणून द्यावा आणि बाह्य नावांची चौकशी सर्व्हरने पुढे पाठवावी.

वेळेचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ओळख पटविण्यासाठी कर्बेरॉस ही पद्धत वापरली जाते. तीत सर्व्हर आणि संगणक यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक पडल्यास प्रवेश नाकारला जातो. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी जुन्या संगणकांतील मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असल्यास घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संकेतशब्द बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही, अशी तक्रार आल्यास प्रथम घड्याळ पाहावे. इंटरनेट नसताना सर्व संगणकांनी सर्व्हरचीच वेळ प्रमाण मानावी, अशी व्यवस्था करावी.

६. वापरकर्ते आणि अधिकार

प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र खाते असावे आणि अधिकार व्यक्तीला न देता गटाला द्यावेत. कार्यालय, परीक्षा विभाग, ग्रंथालय, प्राध्यापक आणि विद्यार्थी असे पाच गट बहुतेक महाविद्यालयांना पुरतात. परीक्षा विभागाची सामाईक फाईल-पेटी त्या गटाला लिहिण्यासाठी, प्राचार्यांना वाचण्यासाठी आणि इतरांना पूर्णतः बंद असावी. लिपिकाची बदली परीक्षा विभागातून ग्रंथालयात झाली, तर केवळ गट बदलावा लागतो.

विंडोजमध्ये सामाईक पेटीचे आणि फाईल-व्यवस्थेचे अधिकार वेगवेगळे नोंदविले जातात आणि जाळ्यातून येणाऱ्यास त्यांपैकी अधिक कडक असलेला अधिकार लागू होतो. लिनक्सवर हेच काम ‘सांबा’ ही आज्ञावली करते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये तिचा प्रारंभ केला. डिसेंबर २०१२ मधील चौथ्या आवृत्तीपासून ती ॲक्टिव्ह डिरेक्टरीची केंद्रीय भूमिकाही पार पाडू शकते. त्यामुळे परवान्याचा खर्च न करताही विंडोज संगणकांसाठी केंद्रीय खातेव्यवस्था उभारता येते.

प्रशासकीय खाते केवळ व्यवस्थापनाच्या कामासाठी वापरावे. दैनंदिन टंकलेखन वा ई-मेल पाहणे त्यातून करू नये. त्याचा संकेतशब्द मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवणे ही जुनी पद्धत आजही उपयुक्त आहे.

७. अद्यतने आणि मंद जोडणी

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने फाईल-देवघेवीच्या एका जुन्या पद्धतीतील दोष दूर करणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. दि. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने त्याच दोषाचा आधार घेऊन जगभरातील संगणक बंद पाडले. दुरुस्ती उपलब्ध असूनही ती बसविली न गेल्याने हे नुकसान झाले. दुर्गम भागात असे घडण्याचे मुख्य कारण निष्काळजीपणा नसून जोडणीची क्षमता हे असते. वीस संगणकांनी प्रत्येकी ५०० एमबीची दुरुस्ती स्वतंत्रपणे उतरवून घेतली, तर एकूण १० जीबी माहिती आणावी लागते.

यावर उपाय म्हणजे दुरुस्ती एकदाच सर्व्हरवर उतरवून तेथून इतरांना देणे. विंडोज सर्व्हरमधील अद्यतन सेवा हे काम करते. नवीन सुविधांची भर तीत पडणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केले असले तरी ती सेवा विंडोज सर्व्हर २०२५ मध्येही समाविष्ट आहे. डेबियनमध्ये अशी मधली साठवण ठेवणाऱ्या छोट्या आज्ञावली आहेत. संकेतस्थळांची पाने साठवून ठेवण्याची जुनी युक्ती मात्र आता फारशी फलदायी नाही, कारण बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध झाली आहेत. त्याऐवजी ‘किविक्स’सारख्या आज्ञावलीद्वारे विकिपीडियाची संपूर्ण प्रत सर्व्हरवर ठेवल्यास ती इंटरनेटविना सर्व विद्यार्थ्यांना वाचता येते.

सर्व्हरवरील अद्यतने महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, बॅकअप घेतल्यानंतरच बसवावीत. प्रवेश आणि परीक्षा यांच्या ऐन काळात केवळ तातडीच्या सुरक्षा-दुरुस्त्या कराव्यात.

८. बॅकअप : व्यवस्थापनाचा कणा

बॅकअपचे सर्वमान्य सूत्र ‘तीन-दोन-एक’ असे सांगितले जाते. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक प्रत अन्य ठिकाणी असावी. भामरागडच्या संदर्भात ‘अन्य ठिकाणी’ याचा अर्थ ‘नदीच्या पलीकडे’ असा घ्यावा लागेल. त्याच गावातील दुसऱ्या इमारतीत ठेवलेली प्रत आगीपासून वाचवील, पुरापासून वाचवीलच असे नाही.

इंटरनेटद्वारे प्रत बाहेर पाठविताना साधे गणित करावे. एकूण माहिती ४० जीबी आणि पाठविण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर संपूर्ण प्रत जाण्यास सुमारे ४४ तास लागतात. वीज व जोडणी सलग ४४ तास टिकणे ही अपेक्षा अवास्तव आहे. परंतु रोज बदललेली माहिती ३०० एमबी असेल, तर ती सुमारे २० मिनिटांत जाते. म्हणून पहिली संपूर्ण प्रत बाह्य डिस्कवर घालून प्रत्यक्ष न्यावी आणि त्यानंतर दररोज केवळ बदललेला भाग पाठवावा. ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांची १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘आरसिंक’ ही आज्ञावली याच तत्त्वावर चालते. ती फाईलमधील बदललेला अंशच पाठविते आणि योग्य पर्याय दिल्यास मध्येच तुटलेले काम पुढे सुरू करते.

या परिसरासाठी पुढील वार्षिक क्रम सुचविता येईल. दररोज रात्री सर्व्हरवरून दुसऱ्या यंत्रावर प्रत घ्यावी. दर शनिवारी बाह्य डिस्कवर प्रत घेऊन ती डिस्क सर्व्हरपासून काढून ठेवावी, कारण सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर आज्ञावलीपासून सुरक्षित नसते. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, संपूर्ण प्रत कूटबद्ध करून तालुक्याबाहेर पाठवावी. संपर्क तुटलेल्या काळात प्रवेशाचे काम झालेले असल्यास रस्ता खुला होताच दुसरी प्रत पाठवावी.

घेतलेला बॅकअप प्रत्यक्षात उघडतो की नाही, याची चाचणी प्रत्येक सत्रात एकदा करावी. एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची नोंद निवडून ती केवळ बॅकअपवरून वेगळ्या संगणकावर परत आणून पाहणे, एवढी चाचणी पुरेशी आहे. जो बॅकअप कधीच परत आणून पाहिलेला नाही, त्याला आशा म्हणता येईल, व्यवस्था म्हणता येणार नाही.

९. मराठी आणि माडिया मजकुराचा प्रश्न

महाविद्यालयांतील २००० च्या दशकातील पुष्कळ मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकलिखित आहे. अशा मजकुरात पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. सर्व्हरवर ‘मडावी’ हे आडनाव शोधल्यास अशी फाईल सापडत नाही. म्हणून जुने अभिलेख सर्व्हरवर आणताना युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत आणि रूपांतरणानंतर नावे मूळ नोंदवहीशी ताडून पाहावीत. दाखल्यावरील नावातील एका वेलांटीचा फरकही विद्यार्थ्यास जात पडताळणीच्या वेळी त्रासदायक ठरू शकतो. युनिकोडमध्येही ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिले जाऊ शकते. दोन्ही रूपे सारखीच दिसत असली, तरी साधा शोध त्यांना वेगळी मानतो.

फाईलच्या नावांबाबतही दक्षता घ्यावी. लिनक्सच्या प्रचलित फाईल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि देवनागरीतील प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. मात्रा व हलन्त हेही स्वतंत्र संकेत असल्याने ८५ संकेतांतच मर्यादा संपते. विंडोजमध्ये ही मर्यादा २५५ संकेतांची आहे. परिणामी विंडोजवरील लांबलचक मराठी नावाच्या फायली लिनक्स सर्व्हरवर नक्कल करताना वगळल्या जाण्याचा संभव असतो. नावे आखूड ठेवणे हा सोपा उपाय आहे.

गोंडी भाषेच्या दोन लिपींना युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. मसराम गोंडी लिपीचा समावेश २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपीचा २०१८ मध्ये झाला. माडिया बोलीतील गीते, कथा व मौखिक इतिहास यांचे ध्वनिमुद्रण व लेखन करणाऱ्या भाषा विभागांनी आपले साहित्य आरंभापासूनच युनिकोडमध्ये व सर्व्हरवर ठेवल्यास ते पुढील संशोधकांना उपलब्ध राहील.

१०. नोंदी आणि कायदेशीर उत्तरदायित्व

संगणकीय आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्था, कंपन्या व सेवा पुरवठादार यांनी घटना-नोंदी १८० दिवस जतन करणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे अपेक्षित आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. विद्यार्थ्यांची जात, उत्पन्न, आधार व बँक खाते यांची माहिती बाळगणाऱ्या महाविद्यालयाने हे दोन्ही दस्तऐवज समोर ठेवूनच सर्व्हरचे धोरण आखणे उचित होय.

संगणकीय नोंदींबरोबरच कागदी नोंदवहीही ठेवावी. सर्व्हरवर केलेला प्रत्येक बदल, तारीख, करणाऱ्याचे नाव आणि कारण मराठीत लिहावे. सर्व्हर बंद पडलेला असताना त्याच सर्व्हरवर साठविलेली माहितीपुस्तिका उपयोगी पडत नाही.

११. निष्कर्ष व सूचना

१) दुर्गम भागात सर्व्हर कार्यप्रणालीची निवड वैशिष्ट्यांच्या यादीवरून न करता उपयोजन आज्ञावली, आधाराचा कालावधी आणि स्थानिक मनुष्यबळ यांवरून करावी.
२) सर्व्हर बंद पडणारच, वीज जाणारच आणि रस्ता तुटणारच असे गृहीत धरून उभारणी करावी.
३) व्यवस्थापनाची माहिती किमान दोन कर्मचाऱ्यांना असावी, त्यांपैकी एक स्थानिक रहिवासी असावा.
४) बॅकअपची एक प्रत पावसाळ्यापूर्वी तालुक्याबाहेर गेलीच पाहिजे.
५) परिसरातील महाविद्यालयांनी परस्परांच्या कूटबद्ध प्रती सांभाळण्याचा करार केल्यास अतिरिक्त खर्चाविना ‘अन्य ठिकाणी प्रत’ ही अट पूर्ण होऊ शकते.

भामरागडलगतच्या हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाने आरंभीची अनेक वर्षे विजेविना रुग्णसेवा केली. साधने अपुरी असतानाही सेवा उभी राहू शकते, हे त्यावरून दिसते. मात्र त्यासाठी परिस्थिती ओळखून कामाची रीत ठरवावी लागते. संगणक-जाळ्यालाही हेच लागू पडते. माडिया विद्यार्थ्याने दहा वर्षांनंतर आपल्या गुणपत्रकाची प्रत मागितल्यावर ती त्याच दिवशी देता आली, तर महाविद्यालयाची सर्व्हर-व्यवस्था यशस्वी झाली असे समजण्यास हरकत नाही.